तिसरी बॅटरी घेण्याआधी अर्थिंगची पट्टी तपासा

प्रश्न : खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे आमची भातशेती आणि काजूची बाग आहे. त्या कामासाठी जुनी फोर बाय फोर डिझेल जीप ठेवली आहे. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या, तरी सकाळी सेल्फ मारला की 'कट्' असा एकच आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. चार-पाच वेळा मारल्यावर कधी एकदम उचलते, नाही तर उतारावर ढकलावी लागते. त्या वेळी हेडलाइट लावून पाहिले, तर ते फारसे मंद होत नाहीत. इंजिन बंद करायची ओढण्याची केबल सेल्फ मारताना गरम लागते, असे मुलगा सांगतो. चार्जिंगचा लाल दिवा हल्ली कधीच लागत नाही, म्हणजे चार्जिंग ठीक असावे. बेळगावच्या बॅटरी दुकानात इंजिन चालू ठेवून मीटर लावला, तेव्हा १२.९ व्होल्ट आले आणि अल्टरनेटर बदलायला सांगितले. आमच्या वायरमनने मीटर लावला, तेव्हा १४.२ आले आणि त्याने बॅटरीच खराब ठरवली. पुढच्या बंपरवर १०० वॉटचे दोन जादा दिवे बसवले आहेत. पावसाळ्याआधी बॅटरी घ्यावी की अल्टरनेटर?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. सध्या बॅटरी घेऊ नका आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र, तेही उतरवू नका. आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की त्यांवरून दोष बहुधा इंजिनाला चासीशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत आहे, आणि त्याच्या जोडीला चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब गेलेला आहे, असे म्हणायला चांगला आधार आहे. ही दोन्ही कामे मिळून जो खर्च येईल, तो नव्या बॅटरीच्या खर्चापुढे किरकोळ असेल. उलट ही दोन कामे न करता तिसरी बॅटरी बसवली, तर तीही पहिल्या दोघींच्याच वाटेने जाईल.

दुकानदार आणि वायरमन यांपैकी कोणाचे खरे मानावे, असा पेच आपल्यापुढे पडला आहे. माझ्या मते दोघांचेही आकडे खरे आहेत, फक्त दोघांनी मीटर वेगवेगळ्या जागी लावला. दुकानदाराने तो बॅटरीच्या दोन टोकांना लावला असणार, आणि वायरमनने अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टला व अल्टरनेटरच्या अंगालाच लावला असणार. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट तयार करतो आहे आणि बॅटरीपर्यंत १२.९ पोचत आहेत, म्हणजे मधल्या वाटेत १.३ व्होल्ट नाहीसे होत आहेत. आपल्या जीपसारख्या जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरून धरणारा भाग, बहुधा स्वतःपाशीच व्होल्टेज पाहतो, त्यामुळे त्याच्या हिशेबाने सगळे व्यवस्थित चाललेले असते. बॅटरी मात्र उपाशी राहते. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती ठेवली, तरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. तेव्हा इंजिन चालू असताना मिळणारे १२.९ हे चार्जिंग म्हणण्याजोगे नाहीच. त्यासाठी बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत.

आता हे १.३ व्होल्ट वाटेत कोठे जातात, ते पाहू. जीपचे इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. बॅटरीची काळी केबल चासीला जोडलेली असेल, तर इंजिनाचा, आणि पर्यायाने सेल्फ व अल्टरनेटर या दोघांचाही, बॅटरीशी परतीचा संबंध फक्त एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून राहतो. ही पट्टी गिअरबॉक्सच्या किंवा इंजिनाच्या बाजूला अशा ठिकाणी असते की चिखल, तेल आणि पाणी तिच्यावर सतत पडत राहते. खानापूरच्या पश्चिम भागात पावसाचे चार महिने गाडी वाळतच नाही. पट्टीचे तांबे हिरवे पडते, विणीचे धागे एकेक करून तुटतात, बोल्टखाली गंज धरतो. वरून पाहिले तर पट्टी जागेवर दिसते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

समजा, चार्जिंगच्या वेळी त्या पट्टीतून २० अँपिअर प्रवाह जात आहे आणि तेवढ्यात १.३ व्होल्ट खर्च होत आहेत. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फला सहज २०० अँपिअर लागतात. प्रवाह दहापट झाला की त्याच वाटेवरची तूटही दहापट होते, म्हणजे १३ व्होल्ट. तेवढे बॅटरीत मुळात नसतातच. म्हणून सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच, ज्याला थोडा प्रवाह पुरतो, तो ओढला जाऊन 'कट्' करतो, पण मोटारीला फिरण्याइतका प्रवाह मिळत नाही. चार-पाच वेळा मारल्यावर गंजलेला जोड तापतो, थोडा हलतो, कोठे तरी नीट टेकतो आणि इंजिन एकदम उचलते. आपण वर्णन केलेला प्रकार हाच आहे.

याला दुजोरा देणारी खूण आपल्या मुलाने हेरली आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. इंजिन बंद करायची केबल आतून पोलादी तारेची असते, तिचे एक टोक डॅशबोर्डच्या पत्र्याला आणि दुसरे इंजिनावरील पंपाला बांधलेले असते. मुख्य पट्टीतून वाट मिळाली नाही की सेल्फचा परतीचा प्रवाह त्या बारीक केबलमधून जाऊ लागतो आणि ती तापते. हे सुरक्षित नाही. असे चालू राहिले तर केबलचे आवरण वितळेल, केबल जाम होईल आणि एखाद्या दिवशी इंजिन बंदच करता येणार नाही. शिवाय हीच वाट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलनेही धरलेली असू शकते. त्यामुळे पट्टी दुरुस्त होईपर्यंत सेल्फ वारंवार मारू नका, हे आग्रहाने सांगतो.

सेल्फ मारताना हेडलाइट मंद होत नाहीत, हेही याच दिशेला बोट दाखवते. बॅटरीच उतरलेली असती किंवा बॅटरीचे टर्मिनल सैल असते, तर सेल्फ मारताच दिवे विझायला आले असते आणि एका आवाजाऐवजी 'टक टक टक' असा भराभर आवाज आला असता. दिवे तेजस्वी आणि 'कट्' एकच, याचा अर्थ बॅटरीत जोर आहे, पण तो सेल्फपर्यंत जात नाही. असेच लक्षण सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळाले असता किंवा सेल्फचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज देणारे ठोकळे, झिजले असताही दिसते. म्हणून माझ्या अंदाजावर विसंबून न राहता पुढील चाचणी करून घ्या.

चाचणीआधी थोडी खबरदारी. गाडी सपाट जागी उभी करा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा, कारण बॅटरीच्या टोकांमध्ये धातू अडकला तर हात भाजून निघतो. जवळ विडी-सिगारेट नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. टर्मिनल काढायचे झाल्यास आधी काळे काढावे आणि बसवताना काळे शेवटी बसवावे.

मीटर नसतानाही करता येईल अशी सोपी चाचणी म्हणजे जाड जंप केबल घ्यावी, तिचा एक चिमटा इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर घट्ट लावावा आणि दुसरा बॅटरीच्या काळ्या टोकाला लावावा. बारीक वायर घेऊन हा प्रयोग करू नका, ती क्षणात लाल होईल. मग सेल्फ मारा. इंजिन पहिल्या झटक्यात फिरले, तर दोष सिद्ध झाला आणि पुढे शोधण्याची गरज उरली नाही.

मल्टिमीटर असेल तर आकडा मिळतो, आणि आकडा मिळाला की कोणाशी वाद घालावा लागत नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरीचे टोक, बॅटरीच्या काळ्या खुंटावर धरा, खुंटावरच्या पितळी चिमट्यावर नव्हे, कारण खुंट आणि चिमटा यांच्या मध्येच दोष असला तर तो सुटून जातो. लाल प्रोब इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून बंद करायची केबल ओढून धरायला सांगा आणि दुसऱ्याला दोन-तीन सेकंद सेल्फ मारू द्या. निरोगी गाडीत इथे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत आकडा येतो. एक, दोन किंवा त्याहून जास्त व्होल्ट आले, तर पट्टी गेली. नंतर हेच लाल बाजूने करा : एक प्रोब बॅटरीच्या लाल खुंटावर, दुसरा सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट दिसली, तर लाल केबलचाही जोड पाहावा लागेल. दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या, सेल्फ मारताना बॅटरीवर १० व्होल्टच्या वर टिकले आणि तरीही मोटार फिरली नाही, तरच सेल्फ उतरवून सोलेनॉइड आणि कार्बन पाहावेत.

पट्टी बदलताना नुसता बोल्ट आवळून भागत नाही. ज्या जागी लग, म्हणजे पट्टीच्या टोकाची भोकाची चकती, टेकतो, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत झाला पाहिजे. आपल्याकडे गाडीला नवा रंग देताना चासीवरचे अर्थिंगचे बोल्टही रंगवून टाकतात, आणि मग महिन्याभरात अशा तक्रारी सुरू होतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. लगखाली दातेरी वॉशर घाला, बोल्ट पूर्ण आवळा आणि त्यानंतरच वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. ग्रीस आधी लावू नका. पट्टी किंवा केबल किमान ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची असावी, ५० मिळाली तर अधिक चांगले. लग हातोड्याने ठोकून बसवलेला नको, क्रिंपिंग मशीनने दाबून घ्यावा. बेळगावात हे काम सहज होते. शक्य असल्यास जुनी पट्टी बदलण्याबरोबरच बॅटरीच्या काळ्या खुंटापासून थेट इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत एक वेगळी केबलही टाकून घ्या. चासी आणि बॉडी यांच्यामध्येही एक लहान पट्टी असते, तीही त्याच वेळी पाहा.

आता चार्जिंगच्या दिव्याविषयी. तो कधीच लागत नाही म्हणून चार्जिंग ठीक असावे, असे आपण लिहिले आहे. तसे पुष्कळजण समजतात, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. चावी फिरवल्यावर आणि इंजिन सुरू होण्यापूर्वी तो लाल दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. जुन्या गाड्यांत हा दिवा नुसती सूचना देत नाही. त्याच्यातून जाणारा थोडासा प्रवाह अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला पहिले चुंबकत्व देतो. बल्ब गेला की तो प्रवाह थांबतो आणि अल्टरनेटर इंजिन सुरू झाल्यावरही जागा होत नाही. जोरात रेस दिल्यावर, लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वामुळे, तो कधी कधी आपणहून जागा होतो. दुकानदाराने आणि वायरमनने मीटर लावताना रेस दिली असेल, म्हणून त्या दोन्ही वेळी अल्टरनेटर जागा होता. जांबोटीहून रानात आणि परत असा प्रवास जर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथपणेच होत असेल, तर अनेक फेऱ्यांत अल्टरनेटरने काहीच दिले नसण्याची शक्यता आहे.

तेव्हा बल्ब काढून पाहा. गेला असेल तर त्याच वॉटचा, साधारणपणे दोन-तीन वॉटचा, साधा तारेचा बल्ब बसवा. एलईडी बसवू नका. तिच्यातून अल्टरनेटर जागा होण्यापुरता प्रवाह जात नाही. बल्ब चांगला असूनही दिवा लागत नसेल, तर अल्टरनेटरच्या मागच्या बारीक वायरीची टोपी निघाली आहे का, वायर उंदरांनी कुरतडली आहे का, हे बघा. सुगीच्या दिवसांत जीपमध्ये पेंढा भरला जातो आणि त्याबरोबर बॉनेटखाली उंदीर येतात, हे आपण जाणताच.

बल्ब आणि पट्टी ठीक झाल्यावर इंजिन थोडे रेसवर ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर व्होल्टेज मोजा. १३.५ ते १४.४ च्या दरम्यान आले, तर अल्टरनेटरला हातसुद्धा लावू नका. १४.८ च्या वर गेले, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी सारखे आटते आणि गंधकासारखा वास येतो. १३ च्याच आसपास राहिले, तर आधी अल्टरनेटर फिरवणारा रबरी पट्टा पाहा. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा आणि त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झालेली नसावी. एवढे करूनही भागले नाही, तर मात्र अल्टरनेटर उतरवून कार्बन, डायोड आणि रेग्युलेटर तपासायला द्या. तेव्हासुद्धा पूर्ण अल्टरनेटर बदलण्याऐवजी तेवढा भाग बदलून मिळतो का, ते आधी विचारा.

याच संदर्भात एका घातक सवयीबद्दल सांगितले पाहिजे. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि इंजिन चालू राहिले तर 'अल्टरनेटर ओके' म्हणायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी अजून दिसते. एक तर आपल्या जीपच्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी बहुधा विजेची गरजच नसते, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसरे म्हणजे बॅटरी अचानक बाजूला झाली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, कधी कधी लागलेले बल्बही जातात. आपल्या गाडीवर असा प्रयोग कोणी करू लागला, तर त्याला सौजन्याने पण ठामपणे थांबवा. बॉडीला वेल्डिंग करायचे असेल तेव्हाही बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सुट्या करून घ्याव्यात, अर्थात इंजिन बंद असताना.

बंपरवरच्या जादा दिव्यांचा हिशेब मांडू या. १०० वॉटचे दोन दिवे म्हणजे २०० वॉट, हेडलाइटचे दोन मिळून ११० वॉट, म्हणजे ३१० वॉट. १३ व्होल्टला हे जवळजवळ २४ अँपिअर होतात. त्यात वायपर, मागचे दिवे, टेपरेकॉर्डर धरले तर ३० अँपिअरच्या घरात जाते. जुन्या जीपचा अल्टरनेटर पूर्ण वेगात ४० अँपिअरच्या आसपास देतो, पण इंजिन मंद चालू असताना तो त्याच्या निम्मेसुद्धा देईल याची खात्री नसते. पावसात, धुक्यात, चोर्ल्याच्या किंवा कणकुंबीच्या रस्त्यावर लो गिअरमध्ये सगळे दिवे लावून चालताना बॅटरी भरत नाही, ती रिकामी होत जाते. मी दिवे काढा म्हणणार नाही, रानातल्या वाटेवर त्यांची गरज असते. त्यांच्या जागी कमी वॉटचे चांगल्या प्रतीचे एलईडी दिवे बसवले, तर तेवढाच उजेड फार थोड्या प्रवाहात मिळतो. चार्जिंगच्या दिव्याला एलईडी चालत नाही, इथे मात्र तीच योग्य आहे.

हे दिवे रिलेशिवाय, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचशिवाय, थेट डॅशबोर्डच्या स्विचवरून जोडलेले असतील, तर ते आधी बदला. जवळजवळ १७ अँपिअर डॅशबोर्डच्या साध्या स्विचमधून गेले की स्विच तापतो, वायरीचे आवरण मऊ पडते आणि आग लागण्याचा धोका राहतो. रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीपासून फ्यूजमार्गे आलेली वायर, ८७ ला दिव्यांकडे जाणारी, ८६ ला स्विचकडून येणारी आणि ८५ ला अर्थ, अशी जोडणी करावी. हॅलोजनच राहणार असतील, तर फ्यूज २० अँपिअरचा, वायर ४ चौरस मिलिमीटरची आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू न देणारी कडी, हवाच. फ्यूज उडाला म्हणून त्यावर तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणे ही सवय मात्र पूर्णपणे सोडली पाहिजे. फ्यूज का उडाला, हे शोधले नाही तर पुढच्या वेळी वायरच जळते.

रात्रीतून बॅटरी उतरते का, हेही एकदा पाहून घ्या. सगळे बंद करून, चावी काढून, बॅटरीची काळी केबल सोडवा आणि खुंट व केबल यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारू नका. एवढ्या जुन्या गाडीत कसलेही कॉम्प्युटर नसल्याने आकडा शून्याच्या जवळपास यावा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालेल. ३०० मिलिअँपिअर आले, तर दिवसाला सात अँपिअर-अवर जातात, आणि ७५ अँपिअर-अवरची बॅटरी दहा-अकरा दिवसांत संपूर्ण रिकामी होते. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यामुळे आकडा पडला त्या वाटेवर दोष. एकाही फ्यूजने फरक पडला नाही, तर बॅटरीची केबल सुटी ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढा आणि मीटर पुन्हा तसाच लावून पाहा. डायोड गळत असेल तर तिथे आकडा पडेल.

आता आपल्याकडे असलेली बॅटरी. ती मेली असे कोणी सिद्ध केलेले नाही, ती फक्त बरेच दिवस अर्धवट भरलेली राहिली आहे. अशी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि तिची क्षमता कायमची घटते, म्हणून लवकर हालचाल करा. तिला चार्जरवर लावून, तिच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ७५ ची असेल तर सात-आठ अँपिअरने, पूर्ण भरून घ्या. मग एक रात्र सुटी ठेवून सकाळी मोजा. १२.६ असेल तर उत्तम, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. बुचे उघडता येणारी बॅटरी असेल, तर हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही कप्पे पाहा. भरलेल्या कप्प्यात १.२६ ते १.२८ येते, आणि एकाच कप्प्यात इतरांहून ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर तो कप्पा गेला आहे. पाणी प्लेटा बुडतील एवढेच आणि डिस्टिल्डच घाला. पागोळीचे धरलेले पावसाचे पाणी आपल्याकडे सर्रास वापरले जाते, पण कौलांवरची माती आणि क्षार त्यात उतरलेले असतात. ॲसिड तर कधीच घालू नका.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली असेल, तर बुचे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नंतर साध्या पाण्याने, आणि कोरडे करून व्हॅसलिन लावा.

पावसाळ्यात गाडी काही आठवडे उभी राहणार असेल, तर रोज पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवण्याने फायदा होत नाही. सेल्फने घेतलेली वीज भरून निघते न निघते तोच इंजिन बंद होते आणि आतली ओल तशीच राहते. त्यापेक्षा काळ्या खुंटावर कटऑफ स्विच बसवून तो बंद ठेवावा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावावी. वाडीवर वीज वारंवार जात असेल, तर १०–२० वॉटचे छोटे सौर पॅनल, मध्ये चार्ज कंट्रोलर घालून, बॅटरीला जोडता येते. ढगाळ दिवसांतही बॅटरी टिकवण्यापुरते ते बहुधा पुरे पडते. ओढ्यातून गाडी काढल्यावर सेल्फ आणि अल्टरनेटरवरचा चिखल वाळण्याआधी साध्या पाण्याने हलकेच धुवा, प्रेशर पंपाची धार त्यांच्यावर मारू नका.

हे सगळे करूनही बॅटरी भार सोसत नाही असे दिसले, तर तिचे बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात जा, तिथे लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून केलेली तपासणी, करून मागा आणि सोबत आपण मोजलेले आकडे लिहून न्या : सेल्फ मारताना अर्थिंगची तूट किती, चार्जिंग किती, रात्रीची गळती किती. एवढे कागदावर असले की 'तुमच्या गाडीचाच दोष आहे' असे सांगून परत पाठवणे कोणालाही सोपे जाणार नाही. बदलून मिळालेली बॅटरी बसवताना तिच्या ट्रेमध्ये रबर घाला आणि वरची पट्टी दोन्ही बाजूंनी आवळा. रानातल्या दगडधोंड्यांवर बॅटरी ट्रेमध्ये हलत राहिली, तर आतल्या प्लेटा झडून खाली बसतात आणि मग चार्जिंग कितीही चांगले असले तरी ती टिकत नाही. आपल्या जीपमध्ये बॅटरी आवळणारी ही पट्टी जागेवर आहे की नाही, हे पत्रात आलेले नाही, तेव्हा बॉनेट उघडाल त्याच दिवशी तीही पाहा.